पृथ्वी आधी पण तापली होती की!

नमस्कार मंडळी. हवामानाचा विषय निघाला की कट्ट्यावर एकजण तरी म्हणतोच, "अहो पृथ्वी काय आजच तापतेय का, पूर्वी पण तापायचीच की." गंमत म्हणजे तो खोटं बोलत नाहीये. साधारण ५ कोटी वर्षांपूर्वी कॅनडाच्या पार उत्तरेला, एल्समियर बेटावर, मगरींचे भाऊबंद फिरत होते, त्यांची हाडं सापडलीत तिथे. आणि लांब कशाला, बोरघाटात खिडकीतून जो काळा कातळ दिसतो ना तो ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हाच, तेव्हा त्यातून ढिगाने कार्बन डायऑक्साइड, म्हणजे उष्णता धरून ठेवणारा वायू, हवेत गेला, पण लाखो वर्षांत, हप्त्याहप्त्याने.

मग आत्ता बोंब कशाची? वेगाची!

अंटार्क्टिकात डोम सी म्हणून जागा आहे, तिथे ३ किलोमीटरच्या वर खोल ड्रिल करून बर्फ काढला, त्यात जुन्या हवेचे बुडबुडे अडकलेले असतात, म्हणजे ८ लाख वर्षांची हवा आपल्याला मोजायला मिळाली. त्या सगळ्या काळात कार्बन डायऑक्साइड साधारण १७० ते ३०० पीपीएम, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत एवढे भाग. शेवटचं हिमयुग संपताना तो ८० ने वाढला आणि त्याला सुमारे ७ हजार वर्षं लागली. हवाई बेटांवरच्या मौना लोआ डोंगरावर १९५८ला मोजायला सुरुवात झाली तेव्हा आकडा ३१५ होता, आज ४२० च्या वर. ७० वर्षं पण झाली नाहीत हो, आपल्या आजीनेच दोन्ही हवा खाल्ल्यात!

कोणी म्हणेल ज्वालामुखी आजही धुमसतात की. धुमसतात, पण आपण वर्षाला जेवढा कार्बन डायऑक्साइड सोडतो त्याच्या एक टक्कासुद्धा त्यांच्याकडून येत नाही.

बरं त्या हिमयुगात जग आजच्यापेक्षा जेमतेम ५-६ अंशांनी थंड होतं, आणि समुद्र मात्र १२० मीटर खाली, आपली कोकणची किनारपट्टी कितीतरी पश्चिमेला. म्हणून कोणी "दीड अंशाने काय होतंय" म्हणालं की मला हे आठवतं.

हवेत आजच्याइतका कार्बन याआधी शेवटचा होता तो सुमारे ३० लाख वर्षांपूर्वी, आणि तेव्हा समुद्र आजच्यापेक्षा कित्येक मीटर वर होता. आज तो तिथे नाहीये कारण एवढा बर्फ वितळायला शतकं लागतात, गॅस मोठा केला म्हणून पातेलं लगेच उकळत नाही, तसंच.