चंद्राआधी गडावर पोहोचा

नमस्कार, श्रोतेहो.

कोजागरी जवळ आली की साताऱ्यातल्या गच्च्या गजबजतात. दूध आटतं, त्यात चारोळी, वेलदोडा, जायफळ पडतं, भेंड्या रंगतात. मध्यरात्री दुधात चंद्र बघायचा आणि पेले भरायचे. मलाही हे सगळं फार प्रिय आहे. पण तोवर चंद्र डोक्यावर आलेला असतो. त्याचं येणं बघायचं असेल, तर सूर्य मावळायच्या आत अजिंक्यताऱ्यावर पोहोचायला हवं. आज मी तेवढंच सांगायला आलोय.

आमच्या गल्लीतली बारा-पंधरा माणसं काही वर्षं कोजागरीला गडावर जातात. पहिल्या वर्षी दूध, शेगडी, सतरंज्या यांच्या जमवाजमवीत उशीर झाला. दरवाजातून आत आलो, तर चंद्र कासराभर वर! शेजारच्या आजी एवढा चढ चढून आल्या होत्या. म्हणाल्या, "आरं, ह्यो तर आपल्या गच्चीवरनंबी दिसला असता की." ती चुटपुट लागून राहिली. तेव्हापासून आम्ही पाचलाच घर सोडतो.

पौर्णिमेला सूर्य आणि चंद्र पृथ्वीच्या दोन बाजूंना, समोरासमोर असतात. म्हणून एक मावळतो त्याच सुमाराला दुसरा उगवतो. गावात घरं आड येतात; गडावर दोन्ही दिशा मोकळ्या. पाठीमागे यवतेश्वरच्या अंगाला सूर्य डोंगराआड गेला, की पूर्वेच्या तटावरून नीट बघा. क्षितिजालगत निळसर करडा पट्टा दिसतो आणि त्याच्या वर फिकट गुलाबी. करडा पट्टा म्हणजे ढग नव्हे. ती आपल्या पृथ्वीची सावली आहे, हवेवर पडलेली. हळूहळू ती वर चढते. आपण ज्या जमिनीवर उभे आहोत, तिचीच सावली आभाळात बघताना माझ्या अंगावर अजूनही काटा येतो.

आणि मग त्या करड्या पट्ट्यात, जरंड्याच्या डोंगराच्या उजव्या हाताला, तांबूस कड दिसते. क्षितिज स्वच्छ असेल तर दोन-सव्वादोन मिनिटांत अख्खा गोळा वर येतो. तांबूस का? तिरप्या वाटेनं येणाऱ्या उजेडाला जाड हवेतून यावं लागतं, त्यात निळा रंग विखुरतो आणि लाल-पिवळा आपल्यापर्यंत पोहोचतो. चंद्र परातीएवढा वाटतो, पण तो डोळ्यांचा भास. हात लांब करून करंगळीचं नख आड धरा, चंद्र झाकला जाईल. मध्यरात्री पुन्हा धरा, तेवढाच निघेल. आमच्याकडची पोरं हा प्रयोग दरवर्षी करतात आणि दरवर्षी चकित होतात.

एक कळकळीची विनंती. तटावर मोबाईलचे दिवे, बॅटऱ्या लावू नका. डोळे अंधाराला सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात आणि एका झगझगीत दिव्यानं ती सगळी वाया जातात. पौर्णिमेचा चंद्र अष्टमीच्या अर्ध्या चंद्राच्या दुप्पट नव्हे, जवळजवळ दहापट उजेड देतो. गडांवरच्या पहारेकऱ्यांना हे पक्कं ठाऊक असणार. तानाजी मालुसऱ्यांची सिंहगडाची लढाई 1670 सालच्या माघ वद्य नवमीची. त्या तिथीला चंद्र मध्यरात्रीच्या सुमाराला उगवतो, म्हणजे आधीचा सगळा वेळ अंधाराचा. तटावर बसून मुलांना हे सांगितलं, की ती खाली दरीकडे वेगळ्या नजरेनं बघतात.

दूध घरूनच आटवून किटलीत न्या. पावसाळा सरलेला असतो, गवत वाळायला लागलेलं असतं, तिथं चूल नको. त्याच गवतात फुरशासारखा विषारी साप असतो, म्हणून पायात बूट हवेत आणि पायवाट सोडायची नाही. पेले स्टीलचे न्या, म्हणजे कचराच होणार नाही. वर थांबायच्या वेळेची आधी चौकशी करा. आम्ही नऊला उतरायला लागतो.

गेल्या वर्षी उतरताना बॅटरी पिशवीतून काढावीच लागली नाही. आजींच्या लुगड्याला कुसळं चिकटली होती. वळणावर थांबून, चांदण्यातच, त्यांनी ती एकेक वेचून काढली.