डाव्या चपलेचा आवाज

[कमाटीबाग, सकाळ. फुलांच्या घड्याळावरून कॅमेरा पायवाटेकडे.]

पाटीवर सयाजीबाग असलं तरी बडोद्याच्या मराठी घरांत ही कमाटीबागच. दांडिया बाजारातले हे काका निवृत्त झाल्यापासून रोज इथे फिरतात, सोबतीला शाळेपासूनचा मित्र. काहीतरी बिनसलंय हे आधी त्या मित्राच्या कानांना कळलं. "अरे, तुझी डावी चप्पल घासतेय." मग त्याची नजर वर गेली. उजवा हात चालीबरोबर झुलत होता. डावा कोपरात वाकून अंगाला चिकटलेला.

हा पार्किन्सनचा आजार. १८१७ साली लंडनच्या जेम्स पार्किन्सन या डॉक्टरांनी त्यावर निबंध लिहिला, तो अवघ्या सहा जणांवरून. त्यांतले दोघे त्यांना रस्त्यात भेटले होते, एकाला तर त्यांनी नुसतं लांबून पाहिलं होतं. आजही निदान मुख्यतः डोळ्यांनीच होतं.

घरात खुणा होत्याच. डावा खांदा आखडला म्हणून आठ महिने शेक चालला होता. काकू सांगतात, "लोणी कढत ठेवून मी देवळात गेले. हे शेजारीच पेपर वाचत होते. बेरीचा कोळसा झाला तरी यांना वास नाही! मी केवढी चिडले." झोपेत काका ओरडायचे, लाथा झाडायचे. वास जाणं, अशी झोप, बद्धकोष्ठ हे हालचाल मंदावण्याच्या कितीतरी वर्षं आधी सुरू होऊ शकतं. अर्थात बद्धकोष्ठ कुणाला नसतं? तेवढ्यावरून कुणी धास्ती घेऊ नये.

[मांडीवरचा हात, जवळून.]

कंप सगळ्यात शेवटी आला. हात निवांत असताना अंगठा आणि बोट कापसाची वात वळावी तसे फिरत. कप उचलला की थांबत. कप उचलल्यावरच दोन्ही हात थरथरत असतील, तर तो बहुधा दुसराच विकार. आणि काही रुग्णांना कंप नसतोच, म्हणूनच त्यांचं निदान रखडतं.

न्यूरॉलॉजिस्टनी काकांना चिमटी भराभर उघडमीट करायला सांगितलं. दहाबारा वेळांत डावी चिमटी लहान लहान होत अडकली. मनगट फिरवून पाहिलं, तर ते दातेरी चाकासारखं अडखळत वळलं. मग त्यांनी सगळ्या गोळ्या टेबलावर मांडायला लावल्या. चक्करेवरची सिनारिझिन किंवा फ्लुनारिझिन, उलटीवरची मेटोक्लोप्रमाइड, ॲसिडिटीच्या गोळीत मिसळलेली लेव्होसल्पिराइड, यांनीही हुबेहूब असंच चित्र उभं राहतं. काकांकडे त्यांतलं काही नव्हतं.

एमआरआय स्वच्छ आला. "रिपोर्ट नॉर्मल आहे, मग आजार कसला?" काकूंचा प्रश्न रास्तच होता. पण मेंदूतल्या डोपामाइन, म्हणजे हालचालींना लागणारं रसायन, तयार करणाऱ्या पेशी झिजल्या, तरी नेहमीच्या एमआरआयमध्ये ते सहसा दिसत नाही. तो काढतात पक्षाघाताच्या खुणा, मेंदूत साठलेलं पाणी असली दुसरी कारणं वगळायला. डोपामाइनची उणीव भरून काढणारी लेव्होडोपा ही गोळी सुरू झाली. काही आठवड्यांत हात मोकळा झाला, तेव्हा निदानाला बळ आलं. तरी डॉक्टर दर भेटीत विचारतात: पडलात का? उभं राहिल्यावर अंधारी येते का? सुरुवातीलाच वारंवार पडणं सुरू झालं, तर याच जातीच्या दुसऱ्या आजारांचा विचार करावा लागतो.

[पुन्हा कमाटीबाग.]

काकू आता गोळीच्या वेळा वहीत लिहितात. मित्र मोबाईलवर चालण्याचा व्हिडिओ काढतो, डॉक्टरांना दाखवायला. वळणावर काका थबकले की तो मागून ओरडतो, "डावा हात!"