ब्रिटिश माणूस 'सी यू लेटर' म्हणाला तर वाट बघत बसू नका

नमस्कार मंडळी! आज बोलूया ब्रिटनमधल्या रोजच्या निरोपांवर, कारण तिकडे नवीन गेलेल्या आपल्या पोरांचा गोंधळ होतो तो इथेच. म्हणजे बघा, दुकानात पैसे दिले, काउंटरवरची बाई म्हणाली 'सी यू लेटर', आणि तुम्ही विचारात, की अरे हिला परत कधी भेटायचंय? नाही भेटायचंय. आपण घरातून निघताना 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो, आणि कधी येणार असं कोणी विचारत नाही ना, तसंच आहे ते.

मग 'चिअर्स'. आपल्याला वाटतं ग्लासला ग्लास लावायचा, पण तिथे बसमधून उतरताना ड्रायव्हरलाही 'चिअर्स' म्हणतात, थँक्यू आणि बाय दोन्ही एकातच उरकतं.

आता माझा सगळ्यात लाडका शब्द, टाटा! आपल्याकडे बाळाला सांगतात ना 'आजीला टाटा कर', त्याचा कंपनीशी काही संबंध नाही हं, तो इंग्लंडमधल्या बाळांच्याच बोलीतला शब्द, 1823 पासून लिखाणात सापडतो. दुसऱ्या महायुद्धात बीबीसी रेडिओवर एक विनोदी कार्यक्रम लागायचा, त्यात एक साफसफाई करणारी बाई जाताना 'टीटीएफएन' म्हणायची, म्हणजे 'टाटा फॉर नाऊ', आणि ते लोकांच्या तोंडी जे बसलं ते अजून ऐकू येतं.

बर्मिंगहॅमकडे गेलात तर 'टरा' ऐकाल, नाहीतर 'टरा अ बिट', म्हणजे आत्तापुरता बाय. स्कॉटलंडमध्ये 'चीरिओ' अगदी साधं रोजचं आहे, आणि तिथे गावाबाहेर पडताना रस्त्यावर पाटी दिसते, 'हेस्ट ये बॅक', लवकर परत या. किती आपलं वाटतं ना! 'टूडल-पिप' मात्र नका म्हणू, ते फार जुनं झालं, समोरच्याला वाटेल नक्कल करताय.

फोनवर एका 'बाय'नंतर लगेच कट करू नका, तिकडे बाय, बाय, बाय-बाय असं चालतं, ते संपू द्या.

आणि घरी आलेल्या पाहुण्याने मांडीवर हात मारून 'राइट' म्हटलं की समजायचं, ते आपलं 'चला' आहे. तेव्हा अजून थोडं बसा, चहा टाकते असा आग्रह नको, मनाने ते कधीच उठलेले असतात, त्यांचा कोट आणून द्या.