ओरसंगपलीकडची माणसं

बडोद्याच्या प्रतापनगर स्टेशनात छोटा उदेपूरची गाडी लागली की फलाटावर बोचकीच बोचकी दिसतात. गोधडी, दोन पातेली, मक्याच्या पिठाची पिशवी, कडेवर मूल. ही राठवा या आदिवासी समाजाची मंडळी. इथून कडियानाका, म्हणजे रोजंदारीवाले कामासाठी उभे राहतात तो चौक, तिथून मुकादम नेईल ती साइट. बाई घमेलं उचलते आणि पोर परांचीला बांधलेल्या साडीच्या झोळीत झोपतं.

पोटासाठी बडोद्याला येणं आपल्याला नवं नाही. दांडिया बाजार, रावपुऱ्यातल्या मराठी घरांचे पूर्वजही गायकवाडांच्या फौजेबरोबर आले, मागाहून कारकुनी-मास्तरकीसाठी आले. ते इथलेच झाले. राठवा मात्र वर्षानुवर्षं येतो आणि दरवर्षी परत जातो. असं का?

थोडं मागे जाऊ. 1891 च्या शिरगणतीत बडोदा राज्याची लोकसंख्या होती 24,15,396. 1901 मध्ये उरली 19,52,692. मधे छप्पनियो दुष्काळ, म्हणजे विक्रम संवत 1956 चा. राज्य सावरलं ते नुसत्या पावसानं नव्हे. 1906 मध्ये सयाजीरावांनी प्राथमिक शिक्षण राज्यभर सक्तीचं केलं. 1932 मध्ये दिवाण व्ही. टी. कृष्णम्माचारींनी कोसंब्याला ग्रामसुधारणेचं केंद्र काढलं. हेच गृहस्थ पुढे नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष झाले.

पूर्वेकडचं छोटा उदेपूर हे मात्र वेगळं संस्थान. गायकवाडी कायदा तिथं लागूच नव्हता. स्वातंत्र्यानंतर तो मुलूख बडोदा जिल्ह्यात आला, तोवर शाळेच्या बाबतीत दोन पिढ्यांचं अंतर पडलेलं. मग कारखाने आले : खत कारखाना, 1965 मध्ये कोयलीची रिफायनरी, 1969 मध्ये आयपीसीएल हा पेट्रोकेमिकल कारखाना. सगळे शहराच्या वायव्येला. आयटीआय झालेली आपली मुलं तिथं चिकटली, क्वार्टर मिळाले, पेन्शनी झाल्या. पूर्वेकडच्यांच्या वाट्याला त्या कारखान्यांचं बांधकाम आलं.

आता पाण्याचं बघा. नर्मदेचा मुख्य कालवा बोडेलीजवळ ओरसंग नदी ओलांडतो आणि पुढे निघून जातो. छोटा उदेपूरकडच्या कवांट, नसवाडीचा डोंगराळ भाग कालव्याहून उंचावर, पाणी तिथं आपसूक चढत नाही. मका पावसावर, पीक बहुतेक एकच. तेच पाणी सौराष्ट्रात पोचतं, तिथं कापूस उभा राहतो, आणि त्या शेतावर भागिया म्हणून राबायला जातो तो याच डोंगरातला माणूस. मालकाची जमीन, मालकाचं बी, याची मेहनत. वर्षअखेर पिकातला हिस्सा, त्यातून आधी घेतलेली उचल वजा. शहरात निदान हजेरी रोजची असते. पाण्याला कालव्याचा आराखडा आहे, माणसांच्या या वाटेचा आराखडा कुणी काढलाय?

ओरसंगची वाळूही शहराकडेच येते. ट्रक रात्री, माणसं सकाळी.

2013 मध्ये छोटा उदेपूर जिल्हा वेगळा झाला. कलेक्टर कचेरी जवळ आली, ही सोय मोठीच. गावात आज डोलोमाइट दळायचे कारखाने आहेत, पण ती धूळ छातीत भरून घेण्यापेक्षा पोरं बडोद्याचा नाका पत्करतात.

होळीला मात्र सगळे परततात. कवांटचा मेळा कुणी चुकवत नाही. त्या पंधरवड्यात नाके ओस पडतात, आणि बडोद्यातले बिल्डर स्लॅबची तारीख पुढे ढकलतात.