डोंगर दिसतो का?

नमस्कार श्रोतेहो.

ऑगस्ट महिना होता. तीन दिवस झड लागलेली. पर्लकोटा नदीच्या पुलावरून पाणी वाहत होतं, गडचिरोलीतल्या भामरागडचा रस्ता बंद. मी त्या भागात वैद्यकीय अधिकारी होतो. पहाटे एका बाळंतिणीला खाटेवर उचलून आणलं. मूल झालं होतं, पण वार अडकली होती आणि रक्त थांबत नव्हतं. आमच्याकडे सलाइन होतं, इंजेक्शनं होती. रक्ताची पिशवी मात्र एकही नव्हती.

मी हेलिकॉप्टर मागितलं. येतंय, असा निरोप आला. शाळेच्या मैदानात चुन्याने गोल आखून मधे एच काढला. पावसाने तो दोनदा धुऊन नेला, आमच्या शिपाईमामांनी दोनदा परत काढला. वारा कुठून आहे ते वरून कळावं म्हणून बांबूला सिस्टरची जुनी ओढणी बांधली. साडेदहाच्या सुमारास आवाज आला. सगळं गाव माना वर करून उभं. आवाज डोंगरामागे आला, तिथेच घुटमळला आणि लांब लांब होत गेला. थोड्या वेळाने वायरलेसवर निरोप आला: ढग फार खाली आहेत, परत फिरलो.

त्या पायलटला मी मनातल्या मनात काय काय बोललो, ते इथे सांगण्यासारखं नाही. बाईचा नवरा माझ्याकडे बघत होता आणि त्याला सांगायला माझ्याजवळ काहीच नव्हतं.

शेवटी नावेतून नदी ओलांडली. तिचं पोट मुठीने दाबून धरत मी तिच्याशेजारी बसलो होतो. पलीकडे १०८ची गाडी उभी होती. ती बाई वाचली. गर्भाशय मात्र काढावं लागलं.

काही महिन्यांनी एका आरोग्य शिबिरात तो पायलट भेटला. मी मनातलं सगळं त्याला ऐकवलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, “डॉक्टरसाहेब, त्या दिवशी तुमच्या दवाखान्याच्या दारातून समोरचा डोंगर दिसत होता का?”

दिसत नव्हता. सकाळपासूनच दिसत नव्हता. शिपाईमामा मला म्हणालेसुद्धा होते, “साहेब, डोंगर दिसून नाही राहिला.” मी ते ऐकलं आणि सोडून दिलं. निरोप देताना मी पेशंटचं सगळं सांगितलं, आभाळाचा एक शब्द सांगितला नाही.

मग त्याने मला खुर्चीवर बसवलं, डोळे मिटायला लावले आणि खुर्ची सावकाश फिरवली. थोड्या वेळाने मला वाटलं, खुर्ची थांबली. डोळे उघडले तर ती फिरतच होती. तोल सांभाळणारा कानातला द्रव संथ वळणात काही सेकंदांत स्थिरावतो आणि शरीराला वाटतं, आपण सरळ चाललोय. ढगात शिरलं की पायलटचंही असंच होतं. १९५४ साली अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठाने याची चाचणी घेतली होती. यंत्रं बघून उडवायचं शिक्षण नसलेले २० वैमानिक, साधं विमान, आणि बाहेरचं काही दिसू नये अशी सोय. विसाच्या वीस जणांचा ताबा सुटला. सरासरी वेळ निघाली १७८ सेकंद, म्हणजे तीन मिनिटंसुद्धा नाही.

माझा पायलट यंत्रांवर उडायचं शिकलेला होता. पण आमच्या मैदानावर ढगातून खाली आणून उतरवणारी कुठली यंत्रणा होती? चुन्याचा गोल आणि एक ओढणी. विमानतळावर नुसत्या नजरेच्या भरवशावर उतरायचं तर साधारणपणे ५ किलोमीटरपर्यंत दिसायला हवं आणि ढग १५०० फुटांच्या वर हवेत. आमचा ढग झाडांच्या शेंड्यांना टेकला होता.

तुम्ही म्हणाल, नागपूरला हवामान खात्याचं, लांबचे ढग-पाऊस टिपणारं डॉपलर रडार आहे की. आहे, आणि विजांच्या वादळाची आगाऊ सूचना द्यायला त्याची मदत होते. पण पृथ्वी गोल आहे. रडारचा झोत भामरागडपर्यंत पोहोचतो तोवर जमिनीपासून कित्येक किलोमीटर वर गेलेला असतो. दरीत बसलेला ढग त्याला दिसणार कसा? तो दिसतो तिथल्या माणसाला.

आता मला फार महत्त्वाची वाटते ती गोष्ट. जानेवारी २००२ ते जानेवारी २००५ या तीन वर्षांत अमेरिकेत रुग्णसेवेच्या विमान-हेलिकॉप्टरांचे ५५ अपघात झाले, ५४ माणसं गेली. तिथल्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने त्याचा बारकाईने अभ्यास केला. तिथल्या अनेक सेवांमध्ये एक रीत आहे: कुठून कुठे जायचं आणि हवा कशी आहे, एवढंच पायलटला सांगायचं. पेशंट लहान मूल आहे की बाळंतीण, हे त्याने निर्णय घेईपर्यंत सांगायचं नाही. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला हे निर्दयपणाचं वाटलं. आता वाटत नाही. माणूस मायाळू असतो, आणि त्या मायेपोटीच तो ढगात शिरतो. दुसरी रीत अशी की पायलट, डॉक्टर आणि नर्स तिघांनी होकार दिला तरच उड्डाण. एकाने नाही म्हटलं की विषय संपला, कुणी कारण विचारायचं नाही. आणि एका हेलिकॉप्टर सेवेने हवेमुळे नकार दिला, तर ते न सांगता दुसऱ्या सेवेला फोन लावू नये. दुसऱ्या पायलटला ते ठाऊक नसतं, तो निघतो.

खरं सांगतो, त्या दिवशी हेलिकॉप्टर परत गेलं याने आमचा घात केला नाही. आवाजाची वाट बघत आम्ही अडीच तास हातावर हात धरून बसलो, त्याने केला. नाव सकाळी आठलाच सांगता आली असती. गाडी पलीकडे आधीच येऊन थांबली असती.

त्यानंतर आम्ही नियम केला: हेलिकॉप्टर मागायचं त्याच मिनिटाला नावही मागायची. हेलिकॉप्टर आलं तर नावाड्याला चहा पाजून परत पाठवू. आणि जूनमध्येच यादी करायची, जुलै ते सप्टेंबरमध्ये कोणाकोणाचे दिवस भरतात. आशाताई घरोघरी जाऊन त्या बायांना पूर यायच्या आधी माहेरघरात, म्हणजे बाळंतपणाआधी दवाखान्याजवळ राहायच्या खोलीत, आणायच्या. सासू तयार नसायची, धानाची रोवणी चालू असायची. दोन-दोन, तीन-तीन खेपा व्हायच्या.

शिपाईमामांना एक वही दिली. पाण्याची टाकी १ किलोमीटरवर, मोबाइलचा टॉवर ३ वर, डोंगर ५ वर. रोज सकाळी सात वाजता दारात उभं राहून काय दिसतं ते लिहायचं. मी बदलून गेलो त्या दिवशी सकाळीही ते वही घेऊन दारात उभे होते. मी विचारलं, “मामा, काय दिसून राहिलं?” ते म्हणाले, “टाकी दिसते, टॉवर अर्धा दिसते. डोंगर नाही.” आणि तसंच लिहिलं.