नकार द्यायला शिकवणारी शाळा

बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलाच्या दिवसातले जवळजवळ सगळे निर्णय दुसरेच कोणीतरी घेत असते. सदरा कोणता घालायचा, ताटात भाजी किती वाढायची, इतकेच काय, लघवीला केव्हा जायचे हेही घरातली किंवा वसतिगृहातली मोठी माणसे ठरवतात, आणि त्यामागे बहुतेक वेळा मायाच असते. या मायेत वाढलेले मूल निमूट होते, आणि निमूट मूल गुणी समजले जाते. खानदेशातल्या एका विशेष शाळेत भावनिक स्वास्थ्याचे काम नेमका या निमूटपणाला हात घालून सुरू होते.

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत मुलांची घरची बोली एक नसते. कुणाच्या घरी अहिराणी, कुणाकडे लेवा गणबोली, तर सातपुड्याच्या पाड्यांवरून आलेल्या मुलांच्या घरी पावरी किंवा भिली बोलली जाते. ज्या मुलाला मुळातच शब्द कमी पडतात, त्याने आपले दुखणे पाठ्यपुस्तकी मराठीत सांगावे ही अपेक्षा अवाजवी आहे. म्हणून रडणाऱ्या मुलाशेजारी बसून शिक्षिका 'काय व्हयनं रे भाऊ?' एवढेच विचारते आणि उत्तरासाठी भरपूर वेळ देते.

या शाळेतला एक मुलगा आता किशोरवयात आला आहे. जेवणाची घंटा झाली की तो कानांवर हात दाबून धरायचा आणि कोणी रांगेत ओढले तर स्वतःच्याच मनगटाला चावायचा. त्याला हट्टी ठरवून मोकळे होणे सोपे होते. त्याऐवजी वर्गशिक्षिकेने एका वहीत तीन रकाने आखले: आधी काय घडले, मुलाने काय केले, आणि त्यानंतर त्याला काय मिळाले किंवा काय टळले. नोंदी साठत गेल्या तसे लक्षात आले की त्याचा राग जेवणावर नव्हताच. लोखंडी पट्टीवर पडणारा टोला आणि पत्र्याच्या छपराखाली घुमणारा ताटांचा खणखणाट त्याला असह्य होत होता. आता तो इतरांच्या थोडा आधी जेवायला बसतो, घंटेपूर्वी त्याला घंटेचे चित्र दाखवले जाते, आणि त्याच्या गळ्यात एक लाल पट्टी असते. ती त्याने वर धरली की कोणीही त्याला हात लावायचा नाही, हा नियम स्वयंपाकाच्या मावशींपासून मुख्याध्यापकांपर्यंत सर्वांना लागू आहे. चावणे पूर्ण थांबलेले नाही. पण शिक्षिका आता पट्टी किती वेळा वर आली ते मोजते.

मुलाचे वागणे एकाएकी बदलले, तर समुपदेशनाच्याही आधी दात, कान, पोट आणि झोप तपासावी लागते, कारण बोलता न येणाऱ्या मुलाची दाढदुखी कित्येकदा नुसती चिडचिड म्हणून नोंदली जाते.

नंदुरबार भागातली अनेक कुटुंबे दिवाळीनंतर ऊसतोडीसाठी गुजरातकडे जातात. वसतिगृहात राहिलेल्या मुलाला 'आई लवकर येईल' असे सांगणे निरर्थक असते, कारण 'लवकर' म्हणजे किती, हे त्याला उमगत नाही. त्याच्या खाटेजवळच्या दिनदर्शिकेवर होळीच्या तारखेला आईचा फोटो चिकटवलेला असतो आणि रोज संध्याकाळी तो स्वतः एक चौकोन खोडतो. आईचे येणे लांबलेच, तर ते त्याला त्या दिवसाआधी सांगितले जाते. आदल्या रात्रीपर्यंत झुलवत ठेवणे हा शाळेच्या मते छळच आहे.

वय वाढते तसा नकाराचा प्रश्न गंभीर होतो. सांगितले तसे करणारे मूल वर्गात सोयीचे असते, पण तेच मूल अत्याचाराला सहज बळी पडू शकते. लैंगिक गुन्ह्यांपासून बालकांचे संरक्षण करणाऱ्या 2012 च्या कायद्याने मुलाच्या अपंगत्वाचा गैरफायदा घेऊन केलेला अत्याचार अधिक गंभीर मानला आहे. परंतु तक्रार पुढे येण्यासाठी मुलाला आधी 'हे मला नको होते' असे कळवता आले पाहिजे. म्हणून मासिक पाळी, न्हाणीघराचे दार, शरीराचे खासगी भाग हे विषय इथे बाहुल्या आणि चित्रांच्या साहाय्याने, न लाजता आणि पुन्हा पुन्हा शिकवले जातात. कपडे बदलण्यास मदत करण्यापूर्वी काळजीवाहकही मुलाला विचारतात, कारण विचारले जाण्याची सवय असली तरच न विचारता झालेला स्पर्श खटकतो.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 मध्ये मर्यादित पालकत्वाची तरतूद आहे. तिथे पालक आणि दिव्यांग व्यक्ती यांनी परस्पर विश्वासाने, मिळून निर्णय घेणे अपेक्षित आहे. त्याची तयारी अठराव्या वाढदिवशी सुरू करून चालत नाही. कापूस वेचणीच्या दिवसांत पालक फिरकत नाहीत, म्हणून शाळेने पालकसभा बाजाराच्या दिवशी ठेवली आहे. पुढच्या वर्षी कोणते काम शिकायचे, हा प्रश्न शिक्षिका आजच्या सभेत वडिलांना न विचारता सतरा वर्षांच्या मुलीलाच विचारते. वडील उत्तर देऊ लागतात, तेव्हा ती त्यांना हाताने थांबवते. मुलगी शिवणयंत्राचे चित्र बाजूला सारून पत्रावळीच्या यंत्राचे उचलते. वडिलांना ते पसंत नाही, त्यामुळे विषय पुढच्या बाजारावर गेला आहे; तोवर तिने दोन्ही कामे करून पाहावीत, असे ठरले आहे.