समुद्रातला सुरुंग फोडायला विमान

नोव्हेंबर १९३९, दुसरं महायुद्ध. थेम्स नदीच्या मुखाशी ब्रिटिशांची जहाजं एकामागोमाग एक बुडतायत. सुरुंग काढणारी पथकं पाणी विंचरून जातात, हाती काही लागत नाही, आणि त्याच वाटेने पुढचं जहाज गेलं की स्फोट. जुना पाणसुरुंग केबलला बांधलेला असायचा, केबल कापली की वर यायचा. हा जर्मन सुरुंग तळाशी गप पडून राहतो, वरून पोलादी जहाज गेलं की जहाजाच्या चुंबकीय क्षेत्राने आतली सुई हलते, सर्किट जुळतं आणि संपलं.

मग २२ नोव्हेंबरच्या रात्री जर्मन विमानाने टाकलेला असाच एक सुरुंग थेम्सच्या मुखाजवळच्या शूबरीनेस गावाच्या किनाऱ्यावर चिखलात पडला आणि ओहोटीला उघडा पडला. दुसऱ्या दिवशी ब्रिटिश नौदलाचे लेफ्टनंट कमांडर जॉन ऊव्री आणि चीफ पेटी ऑफिसर बाल्डविन तो उघडायला बसले, लोखंड चालणार नव्हतं म्हणून पितळेची हत्यारं खास बनवून घेतलेली. दोन साथीदार लांब उभे, त्यांना आधीच सांगून ठेवलेलं की आता कुठला भाग काढणार, म्हणजे हे दोघं गेले तरी पुढच्याला कळावं चूक कुठे झाली. काय काळीज असेल या माणसांचं!

सुरुंगाला काय लागतं ते आता कळलं. जहाजासारखं चुंबकीय क्षेत्र. ते आकाशातून दिलं तर?

यासाठी वेलिंग्टन हे ब्रिटिश बॉम्बर विमान निवडलं. नाकापासून शेपटीपर्यंत आणि दोन्ही पंखांखालून ४८ फूट व्यासाचं कडं बसवलं, हलक्या बाल्सा लाकडात अॅल्युमिनियमची कॉइल, म्हणजे विमानाला जणू एक भलीमोठी बांगडीच घातली. वीज पुरवायला विमानाच्या पोटात फोर्डचं व्ही-८ इंजिन आणि ३५ किलोवॅटचा जनरेटर. वजन वाचवायला तोफांचे बुरूज काढून टाकले, आणि एवढ्या करंटपुढे साधा होकायंत्राचा काटा काय टिकणार, म्हणून जायरोवर, म्हणजे चुंबकाऐवजी फिरत्या चाकावर चालणाऱ्या उपकरणावर, दिशा धरायची.

आणि उडायचं किती उंचीवर? साधारण ६० फूट, कधी त्याहूनही खाली! जास्त वर गेलं तर क्षेत्र तळापर्यंत पोचत नाही, फार खाली राहिलं तर स्फोटाने उसळलेला पाण्याचा खांब विमानालाच गाठू शकतो. वेगाचंही तेच, सुरुंगाला क्षेत्र जाणवायला पुरेसं हळू आणि स्फोटाच्या आधी पुढे निघून जायला पुरेसं जोरात.

८ जानेवारी १९४० ला पहिला सुरुंग असा फुटला. शूबरीनेसच्या चिखलापासून दीड महिन्यात!

खोल पाण्यात मात्र याचा उपयोग नव्हता, उथळ बंदरं आणि कालवे हीच याची खरी जागा. म्हणून ही विमानं इजिप्तला गेली, आणि १९४१ मध्ये जर्मनांनी सुएझ कालव्यात सुरुंग टाकायला सुरुवात केली तेव्हा तिथे कामाला लागली. इकडे ब्रिटिशही जर्मनांच्या पाण्यात विमानातून चुंबकीय सुरुंग टाकत होते, तेव्हा जर्मनांनीही आपल्या युंकर्स ५२ विमानांना असंच कडं बसवलं आणि तेही पाण्याच्या डोक्यावरून घिरट्या घालू लागले.